सर्व्हरची रोजकीर्द

इतिहासाच्या विद्यार्थ्यास बखर आणि अस्सल कागद यांतील भेद पहिल्याच वर्षी शिकविला जातो. बखर ही घटना घडून गेल्यावर, बहुधा बऱ्याच वर्षांनी, कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाते. पत्र, हिशेबाची याद किंवा हुकूमनामा हा घटना चालू असतानाच कागदावर उतरतो, आणि तो लिहिणाऱ्यास पुढे काय होणार हे ठाऊक नसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली ती याच आग्रहापोटी. १९२६ साली त्यांचे निधन झाले ते आपल्या खानदेशात, धुळ्यास. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तेथेच उभे राहिले. कला शाखेच्या वार्षिकांकात सर्व्हरसारख्या विषयास जागा कशासाठी, असे विचारणाऱ्यास माझे उत्तर एवढेच की, बंद पडलेल्या सर्व्हरचा शोध हे मुळात इतिहासकाराचेच काम आहे. यंत्र बिघडले की जो तो बखर सांगू लागतो. कोणी म्हणतो वीज गेली असेल, कोणी म्हणतो व्हायरस शिरला, कोणी म्हणतो काल अमक्याने हात लावला होता. अस्सल कागद मात्र यंत्राच्या पोटात पडून असतो आणि तो उघडून पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. त्या कागदास 'लॉग' म्हणतात.

प्रथम शब्दांची थोडी फोड करू. सर्व्हर म्हणजे इतर यंत्रांच्या मागण्या पुऱ्या करणारा संगणक. त्याच्यावर एकाच वेळी अनेक कार्यक्रम पडद्याआड अखंड चालू असतात. त्यांतील प्रत्येकास 'सेवा' म्हणावयाचे. ग्रंथालयाची पुस्तकसूची दाखविणारी एक सेवा, तिच्यामागे माहिती साठवून ठेवणारी दुसरी, घड्याळ बरोबर ठेवणारी तिसरी. यांतील एखादी सेवा काम करता करता अचानक मरते तेव्हा ती 'क्रॅश' झाली असे म्हणतात. यंत्र चालू असते, पंखा फिरत असतो, दिवे लुकलुकत असतात. पण खिडकीवर कोणी उत्तर देत नाही.

लॉग हा शब्द दर्यावर्दी लोकांचा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीस लाकडाचा ओंडका बांधून तो समुद्रात टाकीत आणि ठराविक वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजीत. जहाजाच्या वेगाचे 'नॉट' हे माप त्या गाठींवरूनच आले. मोजलेला वेग ज्या वहीत लिहीत ती ओंडक्याची वही, म्हणजे लॉगबुक. पुढे ओंडका गेला, वही राहिली. संगणकाच्या पहिल्या पिढीतही ही वही खरोखरची कागदी होती. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. चालकांनी तो चिकटपट्टीने लॉगबुकातच चिकटविला आणि शेजारी नोंद केली. यंत्रातील दोषास 'बग' म्हणण्याची चाल त्यापूर्वीचीच, तेव्हा येथे खराखुरा किडा सापडला याचीच त्यांना गंमत वाटली असावी. ही हकीगत ग्रेस हॉपर या विदुषीने पुढे फार रंगवून सांगितली. पतंगासह ते पान आजही जपून ठेवलेले आहे. नोंदीशेजारी पुरावाच चिकटवावा, असा योग फार क्वचित येतो.

आपल्याकडील व्यापारी घरांतील मुलांस मात्र यासाठी जहाजापर्यंत जाण्याचे कारण नाही. जी घडेल ती देवघेव त्याच क्रमाने, त्याच दिवशी ज्या वहीत उतरते ती रोजकीर्द. आणि तीच माणूसवार, खातेवार वाटून लिहिली की झाली खतावणी. लॉग ही रोजकीर्द आहे. तीत विषयवारी नसते, केवळ काळाचा क्रम असतो. केळीच्या एका शेतकऱ्याच्या खात्यावर काय निघते हे रोजकिर्दीवरून एका दृष्टिक्षेपात समजत नाही. पानोपानच्या नोंदी वेचाव्या लागतात. लॉगचे वाचनही असेच वेचण्याचे असते.

दुसरे उदाहरण रेल्वेचे. सावदा स्टेशनावरून केळीच्या वाघिणी उत्तरेकडे रवाना होत आल्या, आणि भुसावळसारखे मोठे जंक्शन हाकेच्या अंतरावर असल्याने आपल्या भागात रेल्वेत नोकरी केलेला माणूस घरोघर सापडतो. त्यास विचारा: अपघात झाला की स्टेशन मास्तरच्या टेबलावरचे गाड्यांच्या सिग्नलचे रजिस्टर प्रथम ताब्यात घेतात. लाइन क्लिअर कधी दिली, गाडी कधी आली, कधी सुटली, हे त्यात घड्याळाकडे पाहून मिनिटावारी लिहिलेले असते. जबान्या नंतर होतात. आधी रजिस्टर, मग जबानी, हा क्रम सर्व्हरच्या बाबतीत पाळला तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. लिनक्स जातीच्या सर्व्हरवर या नोंदी परंपरेने 'व्हार-लॉग' या कप्प्यात असतात, आणि अलीकडच्या यंत्रांवर 'जर्नल' नावाच्या एका सामायिक वहीत. ती वाचण्याची आज्ञा 'जर्नल-सीटीएल'. (आज्ञा अर्थात रोमन लिपीत टंकावयाच्या, येथे उच्चार दिले आहेत.) तिच्यापुढे 'यू' हे अक्षर आणि सेवेचे नाव दिले की तेवढ्याच सेवेच्या नोंदी निघतात, 'सिन्स' या शब्दाने कोठपासून वाचावयाचे ते सांगता येते, आणि 'के' या अक्षराने केवळ गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदी मिळतात. प्रत्येक ओळीत साधारण चार गोष्टी असतात: वेळ, यंत्राचे नाव, लिहिणाऱ्या कार्यक्रमाचे नाव व त्याचा त्या वेळचा क्रमांक, आणि शेवटी मजकूर. बहुतेक नोंदींस गांभीर्याची पायरीही असते. ही पद्धत १९८० च्या दशकात बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी टपाल पाठविणाऱ्या कार्यक्रमासाठी तयार केलेल्या 'सिसलॉग'मधून आली. पायऱ्या आठ, शून्यापासून सातपर्यंत. शून्य म्हणजे सर्वस्व बुडाले, सात म्हणजे नुसती बारीकसारीक बडबड. नवखा वाचक तीन क्रमांकाच्या, म्हणजे 'एरर' अशा तांबड्या ओळीच तेवढ्या वाचतो. तसे करू नये. मरणाचे कारण पुष्कळदा चार किंवा पाच क्रमांकाच्या, साध्या सूचनेसारख्या दिसणाऱ्या ओळीत वीस मिनिटे आधीच लिहिलेले असते. तांबडी ओळ म्हणजे रडारड. दुखणे त्याच्या आधीचे.

म्हणून वाचन शेवटून सुरू करावे, पण शेवटी थांबू नये. सेवा मेली ती वेळ गाठावी आणि तेथून मागे मागे जात, सर्व काही सुरळीत असल्याची शेवटची ओळ कोणती ते शोधावे. त्या ओळीच्या लगेच पुढे जे पहिले वेगळे काही दिसेल ते महत्त्वाचे. त्यानंतरच्या शेकडो ओळी बहुधा त्याचेच पडसाद असतात.

जिल्ह्यातील एका ग्रंथालयात घडलेला प्रकार येथे सांगतो. गावाचे व संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. परीक्षेचे दिवस होते. सकाळी साडेसातला परिचर काका वाचनकक्ष उघडीत, दुपारी एक ते दोन कुलूप असे, आणि पुस्तकांची देवघेव दोन वाजता सुरू होई. दोन वाजता खिडकी उघडावी तो सूची बंद! विद्यार्थ्यांच्या खात्यावर पुस्तके बाकी आहेत की नाहीत ते दिसेना, त्यामुळे 'ना देय' दाखला मिळेना, आणि दाखल्यावाचून पुढच्या प्रवेशाची कागदपत्रे अडू लागली. लांबच्या खेड्यातून एस.टी.ने आलेल्या मुली दोन-दोन खेपा करून परत गेल्या. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की सर्व ठीक होई. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा तेच. चौथ्या दिवशी कोणीतरी सूचीच्या कार्यक्रमाची नोंद उघडून पाहिली. तीत माहितीसाठ्याशी संबंध तुटल्याची पहिली ओळ सापडली. वेळ होती सात वाजून सदतीस मिनिटे. त्या वेळी खोलीत एकटे परिचर काका असत. झाडलोट करताना हे बटण दाबतात किंवा तार ओढतात, असा निष्कर्ष तत्काळ निघाला. चाळीस-चाळीस वर्षांच्या नोकरीचा माणूस तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. संगणकाचे त्याला काय कळणार, आणि तो सांगणार तरी काय?

येथे वाचणाऱ्याने रोजकीर्द वाचली, पण पंचांग वाचले नाही. पेशवे दफ्तरातील कागदावर शुहूर सन असला तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळविल्यावाचून इसवी सन निघत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. सर्व्हरचेही असेच आहे. अनेक कार्यक्रम आपल्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत लिहितात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. सात सदतीसमध्ये साडेपाच तास मिळवा: दुपारचा एक वाजून सात मिनिटे. त्या वेळी दाराला कुलूप होते आणि काका घरी जेवावयास गेलेले होते.

ही एवढी बेरीज झाल्यावर पुढचा तपास सोपा होता. 'जर्नल-सीटीएल'ला यंत्र केव्हा केव्हा सुरू झाले त्याची यादी मागता येते. त्या यादीत रोजचा एकच आरंभ होता, आणि तो दोन वाजल्यानंतरचा, म्हणजे कर्मचाऱ्यांनी स्वतःच यंत्र पुन्हा चालू केले तेव्हाचा. सकाळी यंत्र बंद झाल्याचे नाव नाही. तार ओढली गेली असती तर साडेसातच्या सुमारास नोंदी एकाएकी तुटून पुन्हा नव्या आरंभाची ओळ दिसली असती. बटण दाबले असते तर बहुधा तसे दाबल्याची ओळही उमटली असती. दोन्ही नव्हते.

माहितीसाठा सांभाळणारी सेवा होती 'मारियाडीबी'. (हे नाव तिच्या कर्त्याने आपल्या धाकट्या मुलीवरून ठेवले, हे जाता जाता.) ही सेवा रीतसर बंद केली तर ती आपल्या वहीत आधी बंद होत असल्याची आणि मग बंद झाल्याची ओळ लिहून जाते. त्या दिवशीच्या वहीत अशी ओळ नव्हती. एक वाजून सहा मिनिटांपर्यंत नोंदी सुरळीत, मग एकदम दोन वाजून गेल्यावरची ओळ, आणि तीही अपघातातून सावरण्याचे काम सुरू केल्याची. निरोप न घेता गेलेला माणूस स्वतःच्या इच्छेने गेलेला नसतो. न लिहिलेली ओळही साक्ष देते, पण ती काय असावयास हवी होती हे ठाऊक असेल तरच. म्हणून निरोगी दिवसाचा लॉग एकदा तरी सावकाश वाचून ठेवावा.

मारणारा कोण, हे गाभ्याच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेले होते. एक वाजून सात मिनिटांनी यंत्राची कामाची स्मृती, म्हणजे रॅम, संपली, आणि गाभ्याने मारियाडीबीस ठार केले. वाचकांस हे क्रूर वाटेल, पण लिनक्सच्या गाभ्यात अशी व्यवस्था मुद्दाम आहे. स्मृती पुरेनाशी झाली की संपूर्ण यंत्र गोठण्यापेक्षा एका कार्यक्रमाचा बळी द्यावा, असा तिचा हिशेब. बळी निवडताना प्रामुख्याने जो सर्वांत जास्त स्मृती वापरतो तो निवडला जातो. ध्यानात घ्या: निवडला जातो तो सर्वांत मोठा, अपराधी असेलच असे नाही. माहितीसाठ्याची सेवा स्वभावतःच मोठी असते, म्हणून पहिला वार तिच्यावर. गर्दी करणारे दुसरेच असू शकतात.

त्या नोंदीखाली गाभ्याने त्या क्षणी चालू असलेल्या सर्व कार्यक्रमांची यादी, त्यांच्या स्मृतीच्या आकड्यांसह, दिलेली असते. तीत एकाच नावाचे चार कार्यक्रम होते. ग्रंथालयात जुन्या वार्षिकांकांची पाने स्कॅन करून त्यांतील अक्षरे ओळखण्याचे काम नुकतेच सुरू झाले होते, आणि दुपारी एक वाजता, कोणी यंत्र वापरीत नसताना, ते आपोआप सुरू व्हावे अशी वेळ लावून दिलेली होती. हेतू चांगलाच होता. चार पाने एकदम घेतली जात, पाने मोठी, यंत्राची स्मृती बेताची. सात मिनिटांत घडा भरे. काम सुरू केल्याचा दिवस आणि पहिल्या बिघाडाचा दिवस एकच निघाला. उपाय खर्चाचा नव्हता: एका वेळी एकच पान घेणे, आणि त्या कार्यक्रमास स्मृतीची कमाल मर्यादा घालून देणे, म्हणजे गळा आवळलाच तर त्याचा आवळला जाईल. त्यानंतर खिडकी नियमित चालली. काकांवरचा आळ अर्थातच गेला. आळ घेणाऱ्यांनी चहा पाजला, एवढेच.

दुसरा एक उपाय त्या वेळी सुचविला गेला होता: सेवा मेली की ती आपोआप पुन्हा सुरू व्हावी. ही सोय करता येते आणि पुष्कळ ठिकाणी ती असावी असेच मी म्हणेन, पण निदान झाल्यावर. निदानापूर्वी ती लावणे म्हणजे ताप उतरविण्याची गोळी देऊन मलेरिया झाकणे होय. शिवाय व्यवस्थापक कार्यक्रमास मर्यादा असते. 'सिस्टीम-डी'च्या मूळ ठेवणीत दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करूनही सेवा टिकली नाही तर तो प्रयत्न सोडतो आणि 'फार घाईने पुनःपुन्हा सुरू करण्याची मागणी झाली' अशा अर्थाची ओळ लिहितो. ही ओळ पाहून पुष्कळजण तीच व्याधी समजतात. ती व्याधी नव्हे. पहिल्या मरणाची नोंद तिच्या वर शोधावी.

मरणाचे इतरही प्रकार आहेत. त्यांच्या खुणा थोडक्यात सांगतो. नोंदीत सिग्नलचा क्रमांक ९ असेल तर बाहेरून ठार केलेले. १५ असेल तर कोणीतरी सभ्यपणे थांबावयास सांगितलेले. ११ असेल तर कार्यक्रमाने स्वतःची नसलेली स्मृती चाचपली, म्हणजे दोष त्याच्या घडणीत किंवा क्वचित रॅमच्या पट्टीत. काही ठिकाणी यांत १२८ मिळवून आकडा दिलेला असतो, म्हणून १३७ दिसले की १२८ वजा करून ९ काढावे. 'यंत्रावर जागा उरली नाही' ही ओळ दिसली तर चकती भरली आहे. आणि गंमत अशी की ती भरणारा पुष्कळदा लॉगच असतो! पत्ता आधीच कोणी व्यापला आहे अशी ओळ असेल तर त्याच सेवेची जुनी प्रत अजून जिवंत आहे.

मोठ्या यंत्रणांतही हीच गोष्ट मोठ्या आकारात दिसते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबविण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचार वाजता आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. बाजाराने पुढे जे स्पष्टीकरण दिले त्यावरून, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दूरसंचार तारा अस्थिर झाल्या, त्याच्या परिणामी माहिती साठविणारी यंत्रणा अनपेक्षित वागली, आणि धोका मोजणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही. सौदे जुळविणाऱ्या यंत्राच्या दाराशी बसून कोणी कारण शोधले असते तर त्यास ते कसे सापडावे? दोष तीन घरे पलीकडे होता. आपल्या ग्रंथालयात सूचीची ओळ, मारियाडीबीची ओळ, गाभ्याची ओळ आणि दुपारच्या कामाची वेळ अशा चार वह्या शेजारी शेजारी मांडाव्या लागल्या, तसेच तेथे मोठ्या प्रमाणावर करावे लागते. आणि वह्या शेजारी मांडावयाच्या तर त्यांची घड्याळे जुळली पाहिजेत. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अगर त्यांच्याशी जुळणाऱ्या वेळेशी, मिळती ठेवावयास सांगितले ते याचसाठी. त्याच निर्देशांत लॉग मागील १८० दिवसांचे जपून ठेवण्याचेही बंधन आहे.

आमच्याकडील लहान संस्थांत मात्र लॉग जपण्याऐवजी नकळत पुसले जातात. काही यंत्रांवर जर्नलची वही केवळ स्मृतीत राहते. यंत्र बंद करून चालू केले की कोरी. 'एकदा बंद करून चालू करा' हा सल्ला देणारा माणूस पुरावाच पाण्यात टाकावयास सांगत असतो. म्हणून 'व्हार-लॉग'मध्ये 'जर्नल' नावाचा कप्पा आहे की नाही ते आजच पाहावे; नसल्यास तो तयार करून घ्यावा, म्हणजे वही चकतीवर उतरू लागते आणि मागील आरंभापूर्वीच्या नोंदीही 'बी' या अक्षरापुढे उणे एक लिहून वाचता येतात. जुन्या नोंदी गुंडाळून ठेवणारी आणि मुदत संपलेल्या टाकून देणारी 'लॉगरोटेट' ही सोय चालू आहे ना, तेही पाहावे, नाहीतर चकती भरेल. लॉगचे पान मदतीसाठी दुसऱ्या कोणास पाठविण्यापूर्वी एकदा स्वतः वाचावे. विद्यार्थ्यांची नावे, वाचलेल्या पुस्तकांची यादी, आणि निष्काळजीपणे लिहिलेल्या कार्यक्रमात तर परवलीचा शब्दसुद्धा त्यात उमटलेला असतो. तो खोडावा, वेळ मात्र खोडू नये. आणि त्या वेळेच्या शेजारी पेन्सिलीने का होईना, ती जागतिक की भारतीय ते लिहून ठेवावे.